चुलवाणात गेलेलं गाणं

सांगलीच्या पेठेत नाथाजीला सगळे फोनोवाला म्हणत. लग्न असो, बारसं असो, कुणाकडे पूजा असो, सायकलीच्या कॅरिअरला कर्ण्याचा फोनो बांधून तो हजर व्हायचा. चावी भरायची, तबकडी लावायची, सुई टेकवायची आणि माणसांची तोंडं बघत बसायचं, हा त्याचा धंदा आणि हीच त्याची हौस.

पण जर्मन-जपानशी चाललेली लढाई लांबत गेली तशी नवी तबकडी मिळेनाशी झाली. तबकडी लाखेची, आणि सगळी लाख लढाईच्या कामाला जुंपलेली. मग जुन्या तबकड्या आणा, त्या फोडून वितळवून नव्या करू, असं कंपन्यांनीच काढलं. जो जुनी देईल त्यालाच नवी. पेठेतले दुकानदार नानासो यांनी जुन्या गोळा करण्याचं काम नाथाजीवर सोपवलं. तो गावोगाव हिंडू लागला. माजघरातल्या फडताळातून, उतरंडीमागून, पेन्शनर शिपायांच्या ट्रंकांच्या तळातून माणसं तबकड्या काढून देत. दहा-बारा वर्षांपूर्वी बोलपट नवा नवा आला तेव्हाची ती गाणी. ते हिंदी बोलपट कुणाच्या लक्षात नव्हते, गाणाऱ्या कुठं गेल्या ते कुणाला ठाऊक नव्हतं. लोक म्हणत, ने बाबा, नुसती अडगळ झाली होती.

नाथाजीनं मात्र एक नेम धरला होता. फुटायला जाणारी प्रत्येक तबकडी तो एकदा वाजवून घ्यायचा. मरणाऱ्याच्या तोंडात दोन थेंब पाणी घालावं, तसं.

माघात तो साताऱ्याला गेला होता. तिथं एका म्हाताऱ्या सुभेदारानं त्याला तबकड्यांची चळत दिली. किल्ल्याच्या पायथ्याशी लिंबाखाली बसून त्यानं एकेक लावून बघितली. शेवटच्या तबकडीचा कागद अर्धा निघाला होता. बोलपटाचं नाव पुसलेलं, खाली एवढंच उरलं होतं : मिस अंजना. एका बाजूला बारीक तडा होता, म्हणून त्यानं दुसरी बाजू लावली.

गाणं नावाड्याला उद्देशून होतं. बाई विचारते, कोणत्या घाटाला उतरू, या काठावर माझं कुणी नाही आणि त्या काठावर दिवा दिसत नाही. आवाज कोवळा होता, पण कोवळ्या आवाजात नसावी अशी काहीतरी थंड गोष्ट त्यात होती. दुसऱ्या कडव्यात तो दचकला. हिंदी बोलात बाई चक्क 'पाणी' म्हणाली होती, आपल्याकडच्यासारखं, ण ठसठशीत. म्हणजे ही मुंबईची नाही, लखनौची तर नाहीच. ही आपल्याच मुलखातली. त्यानं ते गाणं पुन्हा लावलं, मग आणखी एकदा. उन्हं कलली तरी तो तिथंच बसून होता.

सांगलीला आल्यावर त्यानं ती नानासोंना दाखवली. नानासो म्हणाले, "ही फोडायला न्हाई द्यायची. डोहगावच्या लालासाहेबांचा निरोप हाय माझ्याकडं. ह्या नावाची तबकडी कुटंबी घावली की त्यांच्याकडं पोचती करायची. एकीला तीन नव्या देतो म्हणत्यात."

"एवढी हौस?"

"असंल. मोठ्या माणसाची हौस बी मोठी."

नाथाजीला बरं वाटलं. चला, एका तरी गाण्याला घर मिळालं. दुसऱ्याच दिवशी त्यानं डोहगावची वाट धरली.

डोहगाव इस्लामपूरच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या वळणावर. गावाशेजारी नदीला खोल डोह, म्हणून हे नाव. शिवारात जिकडं तिकडं ऊस, आणि त्यातला निम्मा लालासाहेबांचा. नाथाजी पोचला तेव्हा ते गुऱ्हाळावर होते. चरक करकरत होता, काहिलीत रस उकळत होता. लालासाहेब पांढऱ्याशुभ्र धोतरात, हात मागं बांधून उभे होते. आवाज असा मऊ, की ऐकायला माणसानं पुढं वाकावं.

"आणलीस व्हय? बघू."

त्यांनी तबकडी उन्हात धरून नाव वाचलं. "वाजवलीस?"

का कोण जाणे, नाथाजीच्या तोंडून खोटं गेलं. "न्हाई जी. तडा हाय तिला."

"बरं केलंस. कुणाच्या घरातनं आणलीस? त्या घरात कोण कोण ऐकत हुतं?"

"म्हातारा सुभेदार एकटाच असतो. त्याला ऐकूबी येत न्हाई आता."

लालासाहेबांनी मान हलवली. मग चार पावलं चालत ते काहिलीखालच्या चुलवाणापाशी गेले आणि उसाची चिपाडं टाकावीत तशी त्यांनी ती तबकडी आत टाकली. लाख भुसकन पेटली. काळा धूर सुटला आणि गुळाच्या गोड वासात एक कडू, जळकट वास मिसळला. जाळ घालणाऱ्या गड्यानं वरसुद्धा बघितलं नाही. त्याला ते नवीन नव्हतं.

नाथाजी त्या धुराकडं बघत राहिला. लालासाहेबांनी गड्याकरवी तीन कोऱ्या तबकड्या मागवून त्याच्या हातात दिल्या. "आणखी घावली तर घेऊन ये. आन् अशीच, न वाजवता आणायची."

तो निघाला. घशाला कोरड पडली होती, म्हणून नदीकडच्या पायवाटेला वळला. दुपारची वेळ, घाट रिकामा. वाकून ओंजळभर पाणी प्यायला आणि नकळत तेच गाणं गुणगुणू लागला. दुसऱ्या कडव्यात चाल हातातून निसटली आणि तो थांबला.

"ते तसं न्हाई," मागून बाईचा आवाज आला. "तिथनं खाली उतरायचं असतं."

आणि तिनं ती ओळ म्हणून दाखवली. हळू, श्वासाच्या आवाजात. पण 'पाणी' आलं आणि नाथाजीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तिशीतली बाई होती. कपाळ मोकळं, लुगडं धुवट, केस कसेतरी कापलेले. दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ. तिच्या पलीकडं एक म्हातारी मोलकरीण धुणं आपटत होती. ती लगबगीनं उठली. "लीलाबाई, गप ऱ्हावा. आन् तू रं, जा की तुझ्या वाटंनं. लालासाहेबांच्या घरची बाई ही, डोक्यात वारं गेलंया. मी बोलपटात गायले म्हणत बसती."

"ह्यांचं माहेरचं नाव काय?" नाथाजीनं विचारलं.

"अंजना," ती बाईच म्हणाली.

नाथाजी म्हणाला, "आत्ता तुमच्या मालकांनी जी तबकडी चुलवाणात घातली, तिच्यावर हेच नाव हुतं. आन् आवाज बी हाच. मी ऐकलाय."

म्हातारीचं नाव धोंडुबाई. तिच्या हातातलं धुणं गळून पडलं, ते वाहत निघालं तरी तिनं धरलं नाही. खालच्या पायरीवर बसकण मारून ती लीलाबाईच्या मनगटांकडं बघत राहिली. "वरीस झालं," ती म्हणाली, "मी ह्या पोरीला माझ्या हातानं बांधतीया."

मग दोघींकडून तुकड्या-तुकड्यानं सगळं कळलं. अंजना साताऱ्याच्या एका शिंप्याची पोर. पेटी शिकवणाऱ्या मास्तरनं तिला मुंबईला नेलं, तिथं ती एका हिंदी बोलपटात गायली. पुढं लालासाहेबांचा धाकटा भाऊ कृष्णात तिच्यावर भाळला आणि लग्न करून तिला घरी घेऊन आला. नाव बदलून लीला ठेवलं, आणि बोलपटाची गोष्ट दोघांनी पोटात ठेवली. लढाईत कृष्णात पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेला आणि तिकडंच पडला. तिनं नवऱ्याच्या वाटणीची जमीन मागितली. दीर म्हणाले, बाईमाणूस कशी कसशील? ती म्हणाली, नाही जमलं तर गाऊन पोट भरीन, मी बोलपटात गायलेली आहे. लालासाहेबांनी चावडीवर चारचौघांना विचारलं, कुणी ऐकलंय का हिचं गाणं? कुणीच ऐकलं नव्हतं. कृष्णातच्या ट्रंकेत एक तबकडी होती, ती दाखवायला गेली तर नाहीशी झालेली. त्या दिवसापासून गावानं तिला वेडी ठरवलं.

"पाडव्यानंतर पुण्याकडच्या वेड्याच्या इस्पितळात न्यायचं ठरलंय," धोंडुबाई म्हणाली. "पंचांचं अंगठं झाल्यात. एकदा तिकडं गेली की हितं कोण आणतंय परत?"

 लीलाबाई नदीकडं बघत होती. नाथाजीला वाटलं, आपणच ते गाणं उचलून आणलं आणि आपल्याच हातानं जाळात दिलं.

तो सांगलीला परतला आणि रोजच्या कामात डोकं घालायचा प्रयत्न करू लागला. मोठ्यांच्या घरातलं भांडण, आपण फोनोवाला. पण अन्न गोड लागेना. त्यातच एका सकाळी लालासाहेबांचा दांडगा नोकर, गुंडा नावाचा, नानासोंच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. डोहगावात ढोरापासून माणसापर्यंत सगळे याला बिचकून असत.

"मालकांनी विचारलंय, आणखी घावली का तबकडी?"

"न्हाई."

"आन् असंबी विचारलंय, की घाटावर कुणाशी बोलत हुतास?" गुंडा नानासोंच्या बाकड्यावर ऐसपैस बसला. "गड्या, तू गावोगाव हिंडतूस. फोनोची पेटी घिऊन घरात शिरतूस. लोक इचारत्यात, हा नक्की कुणाचा माणूस? मालक अजून कुणाला कायबी बोलल्यालं न्हाईत."

नाथाजीला त्याचा अर्थ बरोबर कळला. त्या दिवसांत सातारा जिल्ह्यात इंग्रज सरकारचं राज्य सडकेपुरतं उरलं होतं. आतल्या गावांतून भूमिगत पोरांचा कारभार चाले. तंटे ते तोडत, सावकारांना ते वठणीवर आणत, आणि कुणी पोलिसांचा खबऱ्या निघाला तर त्याचे तळपाय काठ्यांनी असे फोडत की तो जन्मभर गुडघ्यांवर चाले. लालासाहेबांनी नुसतं एक नाव घ्यायचा अवकाश होता.

गुंडा गेला. बराच वेळ नाथाजी फोनोच्या कर्ण्याकडं बघत बसला. मग उठला आणि दुकानाच्या मागच्या खोलीतली सगळी खोकी उचकटून बघितली. मिस अंजनाची एकही तबकडी नव्हती. असणारच कशी? जिथं जिथं होती तिथून ती वेचून वेचून चुलवाणात गेली होती.

शेवटी त्याला रंगुबाई आठवली. रंगुबाईचा फिरता तंबू होता, जत्रांतून सिनेमाचे खेळ लावायची. नवरा गेल्यावर धंदा तिनंच पुढं चालवला होता. कराडला संगमाच्या वाळूत तिचा तंबू पडला होता, तिथं तो गेला. नाव ऐकताच तिनं तोंडातला तंबाखू थुंकला.

"मिस अंजनाचा बोलपट व्हय? माझ्याच तंबूत लागला हुता. तिसऱ्या खेळाला रीळ पेटलं. तंबूचं एक अंग जळालं, फिल्मची तर राख झाली. पुन्यांदा ती फिल्म कुटं लागली असं काय ऐकलं न्हाई मी."

"आन् तबकडी?"

रंगुबाईनं त्याला निरखून बघितलं. "गेल्या साली एक माणूस आला हुता तीच मागाय. लय नव्या तबकड्या देत हुता. मी न्हाई म्हणलं. एका जुन्या गाण्यापायी कोण एवढी हाव करतं? कायतरी वंगाळ असणार, म्हणून ठेवून दिली." तिनं ट्रंक उघडून लुगड्याच्या घडीतून ती काढली. झिजलेली होती, पण अखंड. "तू कशापायी मागतूस?"

त्यानं सगळं सांगितलं.  मग रंगुबाई तबकडी त्याच्या पटक्यात स्वतःच्या हातानं गुंडाळून देत म्हणाली, "जपून जा. गाणं जळालं तर जळालं. तू जळू नगंस."

पाडवा जवळ आला होता. नाथाजीनं ठरवलं, चावडीवर फोनो लावायचा आणि पंचांसमोर वाजवायचा. तो डोहगावच्या शिवेत शिरला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. उसातली वाट पुढं अरुंद होत गेली. वारा पडलेला, पात हलत नव्हतं. मग पुढच्या सरीतून दोन पोरं बाहेर आली आणि मागूनही दोन. कुणीच काही विचारलं नाही. एकानं सायकल धरली, एकानं फोनो.

"चल."

उसाच्या पोटात मोकळी जागा करून तिथं भूमिगतांपैकी दहा-बारा जण बसले होते. मधोमध त्यांचा म्होरक्या अर्जुना. किडकिडीत, दाढी वाढलेला, डोळे जाग्रणानं तांबारलेले. आणि त्याच्या शेजारी घोंगडीवर लालासाहेब. समोर भाकरीच्या टोपल्या होत्या. पोरांना जेवण त्यांच्याच घरचं होतं. एका बाजूला काठ्या रचून ठेवल्या होत्या. नाथाजीला त्या काठ्यांशिवाय दुसरं काही दिसेना.

"हाच तो?" अर्जुनानं विचारलं.

"हाच," लालासाहेब म्हणाले. "आमाला काय वैर न्हाई त्याच्याशी. पण गावाची काळजी असती."

अर्जुना नाथाजीकडं वळला. "गावोगाव कशाला हिंडतूस? कुणाला खबर देतूस?"

 आपल्या पायांवर आपण आणखी किती वेळ उभे असणार, याच विचारात नाथाजी होता. तरी शब्द आले. "माझी झडती घ्या. पटक्यात एक तबकडी हाय. तिच्यापायी मला हितं आणलंया. ती वाजवा, मग काय करायचं ते करा."

त्यानं घाटावरची गोष्ट सांगितली. चुलवाणाचीही. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. लालासाहेब मंद हसले. "वेड्या बाईच्या बोलण्यावर ह्यो रचून सांगतोय. पेटीतला आवाज काय, कुणाचाबी असंल."

"मग बाईलाच बोलवू," अर्जुना म्हणाला.

"घरची बाई अशी उसात आणायची?"

"आमच्या आया-भणी उसातच असत्यात, दादा."

पोरगं धावत गेलं. वाट बघण्याचा तो वेळ नाथाजी जन्मात विसरणार नव्हता. लालासाहेब सगळ्यांना आग्रहानं भाकरी वाढत होते. नाथाजीलाही त्यांनी एक चतकोर देऊ केली. मऊ आवाजात म्हणाले, "खा. मग खायचं सुचायचं न्हाई."

धोंडुबाई लीलाबाईला हाताला धरून घेऊन आली. येतानाच तिनं दोरी सोडली होती. वळ सगळ्यांना दिसले. अर्जुनानं नजर वळवली आणि मग मुद्दाम पुन्हा तिकडं बघितलं.

"बाई, ह्या तबकडीवर तुमी गायलाय?"

"व्हय."

"कशावरनं?"

लीलाबाई फोनोजवळ बसली. तबकडीला तिनं हात लावला नाही, नुसतं बघितलं. "गाणं तर कुणीबी ऐकून म्हणंल," ती म्हणाली. "म्हणून गाण्याचं सांगत न्हाई. नावाड्याच्या गाण्याची बाजू लावा. गाणं संपलं तरी सुई उचलू नका. सगळी उचलत्यात. थोडं थांबा. तबलजीच्या तोंडात बिडी हुती, ती त्याच्या मांडीवर पडली. तो नाचाय लागला. मला हसू आवरलं न्हाई. कंपनीचा साहेब 'चूप' म्हणून वरडला. आवाज ज्या मेणाच्या ताटावर घेत्यात, ते तेवढं एकच उरलं हुतं. म्हणून तसंच छापलं."

नाथाजीनं चावी भरली. सुई दोनदा घसरली. मग उसाच्या त्या कोंडलेल्या जागेत ते गाणं उमटलं. झिजलेल्या तबकडीतून आवाज लांबून आल्यासारखा येत होता, नदीपलीकडून कुणी हाक घालावी तसा. पोरांच्या माना खाली गेल्या. गाणं संपलं. सुई नुसती खरखरत फिरू लागली. लालासाहेब उठण्यासाठी हात टेकू लागले.

तेवढ्यात खरखरीतून हसू आलं. कोवळं, दाबता न आलेलं. आणि मागोमाग पुरुषी आवाज : "चूप!"

 धोंडुबाईनं पदर तोंडात कोंबला. लीलाबाई मात्र त्या हसण्याकडं असं बघत होती, जणू ती पोर आत्ता उसातून बाहेर येईल.

अर्जुना लालासाहेबांकडं वळला. लालासाहेबांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "आमच्या घरात एवढी कलावंत, आन् आमालाच ठावं न्हाई. चुकलं आमचं. तिची वाटणी तिला दिऊ. येगळं घर बी दिऊ. तुमी सांगाल तसं."

इतक्या सहज कबूल झालेल्या माणसाला मारायचं कसं? आणि त्याच्याच भाकरी अजून टोपलीत होत्या. अर्जुनानं निवाडा सांगितला, बाई शहाणी आहे, तिचं तिला मिळालं पाहिजे. काठ्या जिथल्या तिथं राहिल्या. पण पोरं पांगल्यावर त्यानं नाथाजीला बाजूला घेतलं.

"लय लवकर कबूल झाला. मला ते आवडलं न्हाई. आमी आज हितं, उद्या कुटं असू सांगता येत न्हाई. बाईला आत्ताच्या आत्ता घिऊन जा."

त्याच दुपारी ताकारीच्या स्टेशनाकडं एक बैलगाडी निघाली. लीलाबाईनं धोंडुबाईलाही चल म्हटलं. म्हातारी तयार होईना. "माझी कोंबडी हायत, बकरं हाय. माझं काय कोण करंल? मी म्हातारी." तिनं लीलाबाईच्या मनगटांवरून हात फिरवला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती बांधावर उभी राहिली.

स्टेशनापर्यंत एक घोडेस्वार मागून येत होता. गाडी थांबली की तो थांबे, चालली की चाले. नाथाजीनं ओळखलं, गुंडा. तो फलाटावर आला नाही. आगगाडी सुटली तेव्हा तो कुंपणापलीकडं घोड्याला पाणी दाखवत होता, आणि एकदाही त्यानं वर बघितलं नाही.

साताऱ्यात लीलाबाईची मावशी बनुबाई होती. एकटी, शिवणकाम करणारी. तिनं काही न विचारता भाचीला घरात घेतलं. नाथाजी कामानिमित्त जाई तेव्हा डोकावत असे. तिचे केस वाढू लागले होते. शेजारच्या पोरी गाणं शिकायला येऊ लागल्या होत्या. वाटणीचं नाव निघालं नव्हतं, आणि तिनंही ते काढलं नव्हतं. दर वेळी ती पहिला प्रश्न एकच विचारी : "धोंडुबाई कशी हाय?" नाथाजी सांगे, बरी असंल.

वैशाखात नानासोंच्या दुकानात डोहगावचा एक गुळाचा व्यापारी बोलता बोलता सांगून गेला. धोंडुबाई डोहात सापडली. धुणं धुताना पाय घसरला म्हणे. वैशाखात नदीला पाणी ते किती, पण डोह तो डोह.

नाथाजी दोन दिवस साताऱ्याला गेलाच नाही. मग गेला. उंबऱ्यात त्याला बघूनच लीलाबाईनं बाजाची पेटी बंद केली. त्यानं धोंडुबाईचं सांगितलं. बनुबाईच्या मशीनचा आवाजही थांबला.

"गाव काय म्हणतं?" लीलाबाईनं विचारलं.

"पाय घसरला म्हणत्यात."

"ती त्या डोहाकाठी जन्मली. पुरात उडी घालून वासरू काढलं हुतं तिनं. सगळ्या गावानं बघितलंय." तिचा आवाज चढला नाही. "मी खरं बोलत हुते, तवा कुणी ऐकलं न्हवतं, म्हणून मी वेडी ठरले. आता तिचंबी कुणी बोलणार न्हाई, म्हणजे तिचा पाय घसरला. असंच हाय न्हवं?"

नाथाजीनं मान हलवली.

"तबकडी तुमच्याकडंच हाय?"

"हाय."

"मग ती झाकून ठेवू नका. जिथं डोहगावची माणसं येत्यात तिथं वाजवा. वाजवायच्या आधी माझं नाव घ्या, दोन्ही नावं. आन् तिचं घ्या. वासराचं बी सांगा." मग म्हणाली, "तुमाला भ्या वाटत असंल तर राहू द्या. मी काय म्हणणार न्हाई."

भीती तर वाटतच होती. रात्री कडी वाजली की तो उठून बसे, आणि सायकलीवर असताना मागं घोड्याच्या टापा ऐकू आल्यासारखं होई. तरी इस्लामपूरच्या बाजारदिवशी त्यानं फोनो कॅरिअरला बांधला.

बाजार फुलला होता. गुळाच्या ढेपा, मिरच्यांचे ढीग, बैलांची घासाघीस. वडाच्या पारावर त्यानं पेटी मांडली. कर्णा बघून माणसं जमली. त्यात डोहगावच्या बायाही होत्या, डोईवर पाट्या घेऊन उभ्या. नाथाजीनं घसा साफ केला.

"हे गाणं मिस अंजनाचं. म्हणजे डोहगावच्या कृष्णातच्या बायकोचं, लीलाबाईचं. जिला वेडी म्हणून बांधलं हुतं, तिचं. आन् ती सुटली ती धोंडुबाईमुळं. धोंडुबाई पाण्यात पवणारी बाई हुती. पुरातनं वासरू काढलं हुतं तिनं. परवा ती वैशाखातल्या पाण्यात बुडाली म्हणत्यात."

त्यानं सुई टेकवली. गाणं सुरू झालं तसा आसपासचा कालवा कमी होत गेला. बाया पाट्या खाली ठेवून ऐकू लागल्या. गाणं संपलं, हसू आलं, 'चूप' आलं, आणि एका म्हाताऱ्या बाईनं पदर सावरत शेजारणीला म्हटलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं : "ते वासरू माझंच हुतं."

शेजारीण म्हणाली, "आन् धोंडुबाई त्या दिवशी धुणं घिऊन गेलीच न्हवती. मी बघितलंया. मोकळ्या हातानं गेलती. गुंडा बोलवाय आला हुता."

बायांच्या घोळक्यात कुजबुज उठली आणि ती कुजबुज बाजारभर सरकू लागली. नाथाजीनं मान वर केली. पलीकडं गुळाच्या ढेपांपाशी गुंडा उभा होता. तो नाथाजीकडं बघतच नव्हता. कोण कोण ऐकतंय ते एकेका तोंडाकडं निरखून बघत होता. मग तो वळला आणि घोडा बांधला होता तिकडं सावकाश चालू लागला.

"पुन्हा लाव की," वासराची मालकीण म्हणाली.

ऊन अजून वर होतं. बाजार उठायला वेळ होता. तो उठल्यावर सांगलीपर्यंतची सडक सायकलीवर एकट्यालाच तोडायची होती, दोन्ही बाजूंनी ऊस. नाथाजीनं तबकडी सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि चावी भरायला घेतली.